सापाच्या रक्तात शिरायची आडवाट

गेल्या पावसाळ्यात हिप्परग्याच्या तलावाजवळ मासेमारीच्या जाळ्यात एक धामण अडकली. जाळं कापून तिला सोडवलं, पण मानेजवळ खोल जखम होती. वनखात्याला कळवून तिला उपचारासाठी ठेवून घेतलं. डॉक्टरांनी शेपटीच्या खालच्या बाजूच्या शिरेतून थोडं रक्त काढलं, काचपट्टीवर पातळ पसरलं, गिम्सा रंगात रंगवलं आणि मला म्हणाले, "बघा."

माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. सापाची पेशी लांबट असते आणि तिच्या मधोमध जांभळं केंद्रक ठळक दिसतं. काही पेशींत मात्र ते केंद्रक कडेला ढकललं गेलं होतं. शेजारी केळ्यासारखा किंचित वाकलेला, फिकट निळसर जीव पेशी व्यापून पडला होता. हा हेपॅटोझून. सापांच्या रक्तात सर्वाधिक आढळणाऱ्या परजीवींपैकी एक. हे नाव १९०८ साली पडलं, तेही उंदरातल्या परजीवीवरून.

हा मलेरियाच्या जंतूचा लांबचा नातेवाईक, पण याची वाट उलटी आहे. मलेरियात डास चावतो आणि जंतू रक्तात सोडतो. इथे डास सापाचं रक्त पितो, परजीवी डासाच्या शरीरात वाढतो आणि तिथेच थांबतो. सोंडेतून तो बाहेर पडत नाही. मग तो डास बेडकाने गिळावा लागतो. बेडकाच्या यकृतात परजीवी कोष करून दबा धरतो, आणि बेडूक सापाच्या पोटात गेला की पुन्हा जागा होतो. सापाच्या यकृतासारख्या अवयवांत वाढून शेवटी रक्तपेशींत शिरतो. डासाच्या जागी गोचीड किंवा माईट, म्हणजे गोचिडीसारखीच पण फार बारीक रक्तशोषी कीड, असू शकते, बेडकाच्या जागी पाल किंवा उंदीर. गिळणं मात्र चुकत नाही. निसर्गात इतकी लांबची साखळी टिकते, याचं मला आजही नवल वाटतं.

रानातल्या सापाला याचा सहसा फारसा त्रास होत नाही. बंदिवासात गणित बिघडतं. उपाशी, भेदरलेला, दाटीत ठेवलेला साप आधीच खचलेला असतो. त्यात माईट येतात: मोहरीहूनही बारीक काळे ठिपके, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीच्या खवल्यांखाली. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात पडून राहू लागला, तर आधी भांड्याचा तळ बघावा. बुडालेल्या माईट तिथे दिसतात. त्या रक्त शोषून सापाला पांढराफटक करतात आणि परजीवीही वाहून नेतात.

खरा धोका वेगवेगळ्या प्रदेशांतले साप शेजारी ठेवण्यात आहे. ज्या जातीशी या परजीवीची ओळख नाही, तिच्या शरीरात तो यकृताला गंभीर सूज आणू शकतो, आणि त्याला मुळापासून काढणारं खात्रीचं औषध नाही. म्हणून हौसेने पाळलेल्या बॉल पायथनच्या (आफ्रिकेतल्या अजगराच्या) खोलीत पकडलेला नाग एका रात्रीसाठीही ठेवू नये, आणि आणलेल्या सापाला तळ्यातला बेडूक खायला घालू नये, असं मी प्रत्येक नव्या सर्पमित्राला हात जोडून सांगतो.

धामणीची जखम भरली. नवी कात आली, अंगावर एकही माईट नव्हती. तलावाच्या त्याच बांधावर पिशवी उघडली, तशी ती गवतात सरकली. रक्तातला हेपॅटोझूनही तिच्यासोबत गेला. तो आला होता इथूनच, याच डबक्यांतल्या बेडकांतून.