कवितेचं पुस्तक मागवण्याआधी

वाचकहो, नमस्कार.

मागच्या प्रदर्शनात एका गुरुजींनी आमचं पुस्तक हातावर तोलून पाहिलं आणि विचारलं, “शहाण्णव पानं, दीडशे रुपये? तेही वर्षभर वाट पाहायला लावून?” प्रश्न रास्त होता. गर्दीत नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्रक.

छत्रपती संभाजीनगरातलं आमचं प्रकाशन तीन माणसांचं. कविता काढतो, त्यातही अनुवाद जास्त: उर्दू, दखनी, तेलुगू, कन्नड. या भाषा आम्हाला लांबून आणाव्या लागत नाहीत. १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे अनेकांचे आजोबा उर्दूतच शिकले. देगलूरच्या बाजारात आजही तेलुगू कानावर पडते, उदगीरकडे कन्नड. दखनी तर घरातलीच. तिचं ‘नक्को’ म्हणजे आपलंच ‘नको’. अशा ओळी मराठीत आणणं सोपं वाटतं, पण अनुवादक सगळ्यात जास्त अडतो तो तिथेच. शब्द तोच असतो, ठसका वेगळा.

आता उशिराचं. पहिले काही महिने परवानगीत जातात. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो. १९६५ साली वारलेल्या कवीचं लेखन १ जानेवारी २०२६ला खुलं झालं. त्यामुळे अठराव्या शतकातले उर्दू कवी सिराज औरंगाबादी यांच्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. हयात कवीची मात्र लेखी परवानगी लागते, आणि कवी नसेल तर वारसांची. चार भावंडं चार गावी असली की चार सह्या. मूळ भाषा येत नाही म्हणून हिंदी अनुवादावरून मराठी केलं, तर त्या हिंदी अनुवादकाचीही परवानगी लागते. हे पुष्कळांना माहीत नसतं. शक्यतो आम्ही तसं करतच नाही. दोनदा गाळलेल्या चहासारखी कविता लागते.

मग अक्षरजुळणी. युनिकोडातला मजकूर छपाईच्या फॉन्टमध्ये नेला की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. गद्यात अशी चूक खपून जाते, चार शब्दांच्या ओळीत ती डोळ्यात खुपते. म्हणून मुद्रितं, म्हणजे छपाईआधी चुका तपासायचे कागद, तीनदा वाचतो. पुस्तक सोळा पानी फर्म्यांत छापलं जातं; फर्मा म्हणजे सोळा पानं एकत्र छापून घडी घातलेला मोठा कागद. शहाण्णव पानं म्हणजे बरोबर सहा फर्मे. एक कविता वाढून सत्त्याण्णवावं पान उघडलं की सातव्या फर्म्याचा खर्च! अशा वेळी कवी रुसतो आणि आम्ही प्रस्तावना कापतो.

किमतीचं थोडक्यात सांगतो. छापतो तीनशे प्रती, त्यामुळे जुळणी, मुखपृष्ठ आणि यंत्र लावण्याचा खर्च तेवढ्यांवरच पडतो. दुकानातून विकलं तर शंभरातले चाळीस रुपये दुकानाचे. अनुवादकाला मानधन देतो आणि त्याचं नाव मुखपृष्ठावर छापतो, आतल्या पानात बारीक अक्षरात नाही. कवीकडून पैसे घेऊन पुस्तक काढत नाही. तशी विचारणा महिन्याला दोन-चारदा होते, आणि नाही म्हटल्यावर लोक दुखावतात, हेही सांगून टाकतो.

म्हणून पूर्वनोंदणी. आधी नोंदवलेल्या प्रतीला दीडशेऐवजी एकशे दहा रुपये. शंभर नोंदण्या झाल्या की कागद घेतो. सहा महिन्यांत तेवढ्या झाल्या नाहीत तर पैसे परत. सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर देतो म्हणणाऱ्यांचं नाव वहीत लिहून ठेवतो, सवलत तीच.

पुस्तकं ज्ञान पोस्टाने पाठवतो. टपाल खात्याने ही सेवा १ मे २०२५ला सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, शिवाय त्यावर कर. आमची एक प्रत सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे तेवढ्याच टपालखर्चात दोन प्रती येतात. शेजाऱ्याला विचारून पाहा.

नोंदणीचा कागद मागच्या बाजूला आहे. पत्ता लिहिताना तालुका आणि पिनकोड जरूर घाला. नुसतं ‘पिंपळगाव’ लिहिलेली दोन पाकिटं अजून आमच्या कपाटात पडून आहेत.