बोगोमिल पंथ : उपासना व आचार

दहाव्या शतकात बल्गेरियात उदयास आलेल्या द्वैतवादी (सत् व असत् अशा दोन विरोधी शक्ती मानणाऱ्या) ख्रिस्ती पंथाची उपासनापद्धती व आचारधर्म. पंथाला नाव देणारा बोगोमिल हा झार पीटर याच्या कारकिर्दीतील (927–69) एक पाद्री. स्लाव्ह भाषेत नावाचा अर्थ ‘देवाला प्रिय’. पंथाचा कडवा टीकाकार, दहाव्या शतकातील बल्गेरियन पाद्री कॉस्मस याने त्यावर ‘खरे तर देवाला अप्रिय’ अशी कोटी केली आहे.

पंथाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. कॉन्स्टँटिनोपलचा पेट्रिआर्क (सर्वोच्च धर्मगुरू) थिओफिलॅक्ट याने पीटरला लिहिलेल्या पत्रात या मताला मानी (तिसऱ्या शतकातील इराणी धर्मसंस्थापक) व पॉलिशियन (एक द्वैतवादी ख्रिस्ती पंथ) यांच्या मतांची भेसळ म्हटले आहे. मात्र ‘मानीपंथी’ हा शब्द चर्चचे लेखक कोणत्याही द्वैतवाद्याला सरसकट लावत. त्यावरून थेट परंपरा जोडणे धाडसाचे ठरते. आर्मेनियाकडील पॉलिशियनांना बायझंटिन सम्राटांनी बल्गेरियालगतच्या थ्रेस प्रदेशात वसविले होते, त्यामुळे त्यांचा प्रभाव संभवतो. परंतु ते लढवय्ये होते, संन्यासी नव्हेत. म्हणून विश्वरचनेची कल्पना त्यांच्याकडून आणि वैराग्य पूर्वेकडील मठवासी परंपरेतून आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दृश्य जग सैतानाची निर्मिती आहे, असे ते मानत; म्हणून चर्चमंदिर, मूर्तिचित्रे, संतांचे अवशेष व पाण्याचा बाप्तिस्मा त्यांना त्याज्य होता. क्रूसाबाबत त्यांचा युक्तिवाद असा : ज्या लाकडाने राजपुत्राला मारले, ते राजाला प्रिय कसे असेल? प्रार्थना एकच, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. कॉस्मसच्या मते ती दिवसा चार व रात्री चार वेळा म्हणत. कॉस्मसनंतर सुमारे दीड शतकाने लिहिणारा बायझंटिन धर्मशास्त्रज्ञ युथिमियस झिगाबेनस सात व पाच वेळा असे सांगतो. प्रभुभोजनातील भाकर व द्राक्षारस त्यांनी रूपकात्मक मानले. कॉस्मसनुसार भाकर म्हणजे चार शुभवर्तमाने, तर झिगाबेनसनुसार ही प्रार्थनाच. पापकबुली ते एकमेकांपाशी देत, स्त्रियाही ती ऐकत. कॉस्मसचा खरा संताप येथे दिसतो.

दीक्षा दोन टप्प्यांची. प्रार्थना व शुद्धाचरणाच्या काळानंतर उमेदवाराच्या मस्तकावर योहानाचे शुभवर्तमान ठेवून पवित्र आत्म्याचे आवाहन करीत. पुढील अधिक कठोर परीक्षेनंतर त्याला पूर्वाभिमुख उभे करून ग्रंथ पुन्हा मस्तकावर ठेवीत व जमलेले स्त्रीपुरुष त्यावर हात ठेवीत. दक्षिण फ्रान्समधील कॅथर या द्वैतवादी पंथाच्या ‘कॉन्सोलामेंतुम’ या दीक्षाविधीशी याचे साम्य उघड आहे.

मांस, मद्य व विवाह वर्ज्य होते. श्रीमंतांची निंदा करावी, धन्याची चाकरी करू नये, अशी शिकवण ते देत असल्याचा आरोप कॉस्मस करतो. त्यावरून काहींनी पंथाला शेतकरी चळवळ ठरविले. हा निष्कर्ष एका विरोधकाच्या मोजक्या ओळींवर उभा आहे.

झिगाबेनसचे वर्णन मुख्यतः बाराव्या शतकाच्या सुमारास पकडलेल्या बॅसिल या पुढाऱ्याच्या जबाबावर आधारलेले दिसते. बायझंटिन सम्राट पहिला अलेक्सियस याने शिष्यत्वाची बतावणी करून त्याला बोलते केले. पडद्याआड लेखनिक बसविला होता, असे राजकन्या ॲना कोम्नीना नोंदवते. बॅसिलला कॉन्स्टँटिनोपलच्या हिप्पोड्रोमवर जाळण्यात आले. बल्गेरियात 1211 मध्ये झार बोरिलच्या धर्मसभेने पंथाला शाप दिला. बॉस्नियातील मध्ययुगीन थडग्यांचे दगड बोगोमिलांचे असल्याचा समज आता बहुतेक अभ्यासक मानीत नाहीत.