पाचारण: मठातून मुदपाकखान्यात

वर्तमानपत्रात 'पाचारण' हा शब्द बहुधा आग लागली की भेटतो. अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आलं, जादा कुमक पाचारण करण्यात आली. मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत मोठं झालेल्यांच्या कानावर मात्र तो लहानपणापासून दुसऱ्याच अर्थाने पडतो: देवाने माणसाला बोलावणं. ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बोलण्यात हा अर्थ आणखी आकसतो. 'त्याला पाचारण आहे' म्हटलं की सगळे समजतात, मुलगा नोकरी सोडून ईश्वरविज्ञान शिकायला निघाला, पुढेमागे पाळक, म्हणजे चर्चचा धर्मसेवक, होणार. हिशेब लिहिणाऱ्या एखाद्या बाईकडे बोट दाखवून 'तिला पाचारण आहे' असं कुणी म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

या आकसलेल्या अर्थापायी माझी स्वतःची बरीच वर्षं गेली. विशी-पंचविशीत मी प्रार्थनेत आवाजाची वाट पाहत असे. आवाज आला नाही, तपासायची प्रुफं येत राहिली. पोटापाण्याचं काम एका बाजूला, अर्थपूर्ण आयुष्य दुसऱ्या बाजूला, आणि आपण चुकीच्या बाजूला उभे, ही टोचणी तेव्हाची. ती माझी एकट्याची नव्हे आणि आजचीही नव्हे, हे पुढे जुनं वाचताना कळलं. ती सोळाशे-सतराशे वर्षांची आहे.

मूळ ग्रीक शब्द 'क्लेसिस'. येशूचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला साधारण इ.स. 53 ते 55 च्या सुमारास लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो येतो. लग्न करावं की नाही, सुंता झालेल्याचं काय, दासाचं काय, असे प्रश्न मंडळीत होते. पौलाच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की देवाचं बोलावणं तुम्ही जिथे उभे आहात तिथे येऊन पोचतं, त्यासाठी आधी जागा बदलावी लागत नाही. इथे पाचारण म्हणजे व्यवसाय नव्हे, आणि धर्मसेवकाचं पदही नव्हे. बोलावणं सगळ्यांनाच आहे. मंडळीसाठी जो ग्रीक शब्द आहे, 'एक्लेसिया', तोही याच धातूचा. पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या करून पोट भरत होता. त्याचा त्याने कधी संकोच केला नाही, उलट स्वतःच्या हातांनी कष्ट करतो हे तो ठासून सांगतो.

मग हे बोलावणं मठात जाऊन कसं बसलं? इ.स. 270 च्या आसपास ईजिप्तमधला अंतोनी नावाचा एक तरुण उपासनेला गेला. आईवडील नुकतेच वारलेले, घरची जमीन बरी, पदरात धाकटी बहीण. वाचन चाललं होतं ते श्रीमंत तरुणाच्या प्रसंगाचं: पूर्ण व्हायचं असेल तर जा, असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे. अंतोनीने ते स्वतःला उद्देशून घेतलं. जमीन दिली, बहिणीला व्रतस्थ स्त्रियांच्या हवाली केलं आणि अखेरीस वाळवंट गाठलं. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने त्याचं चरित्र लिहिलं आणि ते तेव्हाच्या ख्रिस्ती जगात हातोहात पसरलं. तोवर 313 मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळालेली होती. विश्वासासाठी जीव देण्याचा काळ सरला. ज्यांना विश्वास स्वस्तात नको होता, त्यांनी वाळवंटाची वाट धरली.

याच काळात कैसरियाचा बिशप युसेबियस याने सरळ दोन वाटा आखून दिल्या. एक वरची: लग्न नाही, मालमत्ता नाही, केवळ देवाची सेवा. दुसरी खालची, माणसांच्या आवाक्यातली: संसार, शेती, व्यापार आणि त्यातून सवडीने भक्ती. दोन्ही ख्रिस्तीच, पण पंगत वेगळी. माझ्या विशीतल्या टोचणीचा जन्मदाखला शोधायचा तर मी इथे बोट ठेवीन.

गंमत अशी, की वाळवंटातल्या लोकांनाच हे पुरतं पटलेलं नव्हतं. त्यांच्या वचनांच्या जुन्या संग्रहात अंतोनीचीच एक गोष्ट आहे. इतकी वर्षं एकांतात काढलेल्या अंतोनीला एकदा प्रकट झालं, की तुझ्या तोडीचा एक माणूस शहरात राहतो. पेशाने वैद्य. गरजेपुरतं ठेवून उरलेलं गरिबांना देतो आणि दिवसभर देवदूतांसोबत 'पवित्र, पवित्र, पवित्र' म्हणतो. गोष्ट एवढीच. वैद्याचं नाव नाही, त्याचं पुढे काय झालं ते नाही. ती सांगणारे स्वतः सगळं सोडून आलेले होते, आणि तरीही त्यांनी ती जपून ठेवली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण गाजला तो अंतोनी, वैद्य नव्हे. 386 मध्ये मिलानात वक्तृत्वशास्त्र शिकवणाऱ्या, पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनला एका पाहुण्याने अंतोनीची हकिगत सांगितली आणि तो मुळापासून हलला. त्यानंतर त्याच्या राहत्या घराच्या बागेत जे घडलं ते सर्वश्रुत आहे. शेजारून लहान मुलाच्या आवाजात 'घे आणि वाच' ऐकू येणं, रोमकरांस पत्राचं पान उघडणं, मनावरचं मळभ जाणं. पुढच्या वर्षी ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. शिकवण्याची जागा सोडली, ठरलेलं लग्न सोडलं. साधारण 397 ते 400 च्या दरम्यान त्याने हे सगळं देवाला उद्देशून लिहून काढलं. तेरा भागांचं हे आत्मनिवेदन म्हणजे ख्रिस्ती 'साक्षी'चा साचाच होऊन बसला. आधीची तळमळ, मग एक निर्णायक क्षण, मग सोडणं. आपलं अंतःकरण देवात विसावेपर्यंत अस्वस्थ असतं, हे त्याचं म्हणणं मी आजही शब्दशः मानतो. पण त्या ग्रंथात एक बाई आहे. त्याच्याबरोबर अनेक वर्षं राहिलेली, त्याच्या मुलाची आई. लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर तिला आफ्रिकेला परत पाठवलं गेलं, आणि जाताना पुन्हा कुणा पुरुषाची होणार नाही असं व्रत तिने घेतलं. ऑगस्टीन तिचं नावसुद्धा लिहीत नाही. अर्थपूर्ण जीवनासाठी कुणी काय सोडलं याच्या नोंदी भरपूर सापडतात, ज्यांना सोडलं गेलं त्यांच्या फार थोड्या.

मठांना सरसकट दोष देण्यात मात्र अर्थ नाही. इटलीतल्या बेनेडिक्ट या मठाधिपतीने सहाव्या शतकात मठासाठी जी नियमावली लिहिली तिच्या 73 प्रकरणांत मुदपाकखान्यातल्या आठवड्याच्या पाळ्या आहेत, शेतकाम आहे, आणि कोठावळ्यासाठी एक सूचना आहे: मठातली भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजावीत. ('प्रार्थना करा आणि काम करा' हे घोषवाक्य बेनेडिक्टच्या नावावर सगळीकडे खपतं. नियमावलीत ते नाही, नंतरचं आहे.) पळी आणि प्रभुभोजनाचा प्याला एका मापाने मोजणारा हा विचार भिंतीच्या आतला होता, एवढीच त्याची मर्यादा.

बाहेरच्यांसाठी उपदेशकांच्या हाताशी मार्था आणि मरिया या बहिणी होत्या. लूकच्या शुभवर्तमानात येशू त्यांच्या घरी येतो. मरिया पायाशी बसून ऐकते, मार्थेची कामाने तारांबळ उडते, आणि येशू मरियेने चांगला वाटा निवडला म्हणतो. मरिया म्हणजे मठ आणि मार्था म्हणजे संसार, असा अर्थ शतकानुशतकं लावला गेला. त्याला उलटा पीळ दिला तो 1300 च्या आसपास जर्मन उपदेशक माइस्टर एकहार्टने. एका प्रवचनात तो म्हणतो, की दोघींत पोचलेली मार्था आहे. मरिया अजून शिकते आहे, मार्थेला काम करता करता देवापाशी राहणं जमलेलं आहे. स्वयंपाकघरातून हे प्रवचन कुणी ऐकलं असेल तर तिला काय वाटलं असेल, असा विचार मनात येतो.

खरी उलथापालथ केली एका मठवासीयानेच. 1505 मध्ये वादळात सापडलेल्या मार्टिन ल्यूथरने घाबरून नवस केला आणि पंधरवड्यात जर्मनीतल्या एरफुर्टच्या मठात दाखल झाला. पंधरा वर्षांनी तोच माणूस लिहीत होता, की धर्मगुरू आणि चांभार यांच्यात देवापुढे दर्जाचा फरक नाही, फरक आहे तो कामाचा. 'बेरूफ' म्हणजे बोलावणं, हा जर्मन शब्द तोवर धर्मसेवेसाठी राखीव असल्यासारखा होता. ल्यूथरने तो दासीच्या, शेतकऱ्याच्या, आईबापांच्या रोजच्या कामाला लावला. आज जर्मनमध्ये त्याचा साधा अर्थच 'पेशा' असा आहे. विवाहावरच्या 1522 सालच्या लेखनात तो बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचं चित्र काढतो. शहाणी बुद्धी नाक मुरडते: मी पोर जोजवू? घाणेरडी दुपटी धुऊ? लोक त्या बापाला बायल्या म्हणून हसतात. आणि देव आपल्या सगळ्या दूतांसह हसतो, पण ते हसू कौतुकाचं. दुपटी धुतो म्हणून नव्हे, विश्वासाने धुतो म्हणून. हे लिहिलं तेव्हा ल्यूथर अविवाहित होता, हे सांगितलंच पाहिजे. 1525 मध्ये त्याने काटारीना फोन बोरा या माजी जोगिणीशी लग्न केलं आणि पुढच्या वर्षी मूल झालं. त्यानंतर दुपटी कुणी धुतली हा भाग वेगळा.

या विचाराला एक कडू बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. जिथे आहेस तिथेच देवाने बोलावलं आहे असं म्हटलं, की 'मग तिथेच राहा' हे पाठोपाठ येतं. 1525 मध्ये जर्मन शेतकरी उठले तेव्हा ल्यूथरने त्यांना चिरडण्याची भाषा केली. पौलाच्या त्याच सातव्या अध्यायात दासाला उद्देशून एक वाक्य आहे. त्याचं ग्रीक असं आहे, की 'स्वतंत्र होता आलं तर ती संधी घे' असंही वाचता येतं आणि 'आहेस त्या स्थितीचाच उपयोग कर' असंही. गुलाम बाळगणाऱ्यांनी कोणता अर्थ पसंत केला असेल ते उघड आहे. पुढे 1904-05 मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने मांडलं, की याच 'बेरूफ'मधून, विशेषतः ल्यूथरनंतरचा धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेत, कामात झोकून देणारा आणि पैसा साठवत जाणारा माणूस घडला. देव मागे पडला, राबणं तेवढं उरलं. वेबरच्या मांडणीवर वाद खूप झाले आहेत. पण आयुष्याचा अर्थ विचारला की नोकरीतला हुद्दा सांगणारी माणसं आपण सगळेच ओळखतो.

विसाव्या शतकात या कडू बाजूला भिडणारा माणूस म्हणजे जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर. पाचारण म्हणजे नेमून दिलेलं काम गुमान करत राहणं हे नाझी राजवटीत किती सोयीचं ठरतं, ते तो डोळ्यांनी पाहत होता. 1939 च्या उन्हाळ्यात त्याला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित आसरा मिळाला होता, तो काही आठवड्यांतच परत फिरला. ज्या कटकर्त्यांशी त्याचे धागे होते, त्यांचा हिटलरला मारण्याचा कट 20 जुलै 1944 ला फसला. दुसऱ्या दिवशी तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रात तो एक जुनी आठवण सांगतो. एक फ्रेंच पाळक म्हणाला होता, मला संत व्हायचंय. बोनहोफर म्हणाला होता, मला विश्वास ठेवायला शिकायचंय. आता त्याला कळलं होतं, की स्वतःला काहीतरी घडवण्याचा नाद पार सोडून, कर्तव्यं, प्रश्न, यश-अपयश यांच्यासकट या जगात पुरतं जगतानाच विश्वास शिकता येतो. 9 एप्रिल 1945 ला त्याला फाशी दिलं गेलं.

कॅथलिक चर्चने 1964 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात, पवित्रतेचं पाचारण सर्व विश्वासीयांना आहे असा स्वतंत्र अध्यायच घातला. युसेबियसच्या दोन पंगती अशा रीतीने कागदावर तरी उठल्या.

एक प्रश्न तरीही उरतो आणि वय वाढतं तसा तो जवळ येतो. पाचारण कामात आहे म्हटलं, तर काम सुटल्यावर काय? यासाठी मी मागे, सतराव्या शतकात जातो. आजच्या फ्रान्समधल्या लॉरेनचा निकोला हेर्मान. गरीब घरचा, लढाईत जखमी होऊन पायाने अधू झालेला शिपाई. अठराव्या वर्षी हिवाळ्यात पानं झडलेलं एक झाड पाहून, याला पुन्हा पालवी फुटेल, एवढ्याच विचाराने तो देवाकडे वळला. 1640 मध्ये पॅरिसच्या, कार्मेली संघाच्या मठात तो बंधू लॉरेन्स झाला. त्याला मुदपाकखाना मिळाला, आणि त्याला स्वयंपाकाची मनापासून नावड होती. पंधरा वर्षं त्याने तेच केलं. मठासाठी दारू खरेदी करायला पाठवलं तेव्हा पाय चालेना म्हणून बोटीवरच्या पिंपांवरून लोळत पुढे सरकला. हे तुझंच काम आहे, एवढं देवाला सांगून. कढईतलं ऑम्लेट मी देवाच्या प्रीतीने उलटतो, असं तो म्हणे, आणि कामाची वेळ व प्रार्थनेची वेळ आपल्याला वेगळी वाटत नाही असंही. त्याची संभाषणं आणि पत्रं 1691 मध्ये तो वारल्यावर छापली गेली.

पण मला थांबावंसं वाटतं ते त्या नंतरच्या गोष्टीपाशी. पायाचं दुखणं वाढलं आणि स्वयंपाकघरात उभं राहणं होईना, तेव्हा त्याला बसून करण्याजोगं काम दिलं: मठातल्या लोकांच्या वहाणा दुरुस्त करण्याचं. तेही तो करू लागला.