झिरोचा बल्ब झिरो नसतो

आमच्या घरी देव्हाऱ्याजवळ लाल झिरोचा बल्ब रात्रभर चालू असायचा. आज्जी म्हणायची, "असूदे की, झिरो हाय, त्याला काय करंट लागतंय?" पण हात लावला की चटका बसायचा, कारण तो झिरो कसला, साधारण 15 वॅटचा असतो. रोज 10 तास धरा, वर्षाला जवळपास 55 युनिट. हॉलमधला 9 वॅटचा एलईडी रोज 6 तास लावला तरी वर्षाला 20 युनिट पण होत नाहीत!

तो चटकाच सगळं सांगतो. जुन्या बल्बात तार तापून उजेड पडतो, त्यामुळे 100 मधली जेमतेम 5 टक्के वीज उजेडात जाते, बाकी सगळी ऊब. म्हणून तर पोल्ट्रीवाले पिल्लांवर तोच बल्ब टांगतात. थंड देशात लोक म्हणतात की बल्बची ऊब घराला उपयोगी पडते, पण बेळगावात पावसाळ्यात कितीही गारठा पडला तरी हीटर लावून घर तापवतंय कोण?

मग एलईडी बनवायला वीज लागते त्याचं काय? लागते की, चिप आहे, तिला बेताचा करंट देणारं सर्किट म्हणजे ड्रायव्हर आहे, अल्युमिनियम आहे. पण अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2012 मध्ये बनवण्यापासूनचा सगळा हिशोब मांडला, त्यात जवळपास 90 टक्के ऊर्जा बल्ब जळतानाच जाते असं निघालं, आणि तेवढ्याच उजेडाला एलईडीची एकूण ऊर्जा जुन्या बल्बच्या साधारण पाव.

गोची एलईडीच्या आयुष्यात आहे. बॉक्सवर 25000 तास लिहिलेलं असतंय, आणि आमचा एक वर्षभरात गेला. उघडून बघितला तर बारीक पिवळ्या चिपांपैकी एकीवर काळा ठिपका, बाकीच्या ठणठणीत! त्या एकामागे एक जोडलेल्या असतात, एक तुटली की सगळी माळ बंद, म्हणजे बनवायला घातलेली वीज अर्ध्यात वाया.

दुसरं म्हणजे स्वस्त झालं की आपण जास्त वापरतो. कोळशाबद्दल जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने हे 1865 मध्येच लिहून ठेवलंय. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत झिरो बिल आल्यापासून आमच्याकडे पण जिन्यात, तुळशीजवळ, गच्चीवर बल्ब लागले. तरी 9 वॅटचे सहा मिळून 54 वॅट, जुन्या 60 च्या एका बल्बपेक्षा कमीच! आणि गच्चीवरचा बल्ब बंद करा म्हणून ओरडणारे आमचे बाबा 2000 वॅटचा गीझर 10 मिनिटं जास्त ठेवतात, तेवढ्यात तो बल्ब 37 तास जळला असता.