जपानमधला नाताळ: येशू कमी, केक जास्त

जपानात २५ डिसेंबरला सुट्टी नसते, वार मधला असेल तर ऑफिसं नेहमीसारखी चालू. पण एकेकाळी होती बरं का, आणि तिचा येशूशी काडीचा संबंध नव्हता! तैशो सम्राट १९२६ साली नेमके २५ डिसेंबरलाच वारले, म्हणून १९२७ ते १९४७ त्या दिवशी सरकारी सुट्टी असायची. आता पुण्यतिथीची का होईना, सुट्टी ती सुट्टी, टोक्योतले कॅफे आणि डान्स हॉल तेव्हा नाताळच्या पार्ट्यांनी भरायचे.

तसा नाताळ तिकडे गेला त्यात आपल्या गोव्याचा हात आहे. सेंट झेवियर गोव्याहूनच निघाले आणि १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले, मग १५५२ ला यामागुचीत नाताळची पहिली प्रार्थना झाली. पण १६१४ ला ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली ती १८७३ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं लपूनछपून. त्यामुळे नंतर नाताळ परत आला तो चर्चमधून कमी आणि दुकानांतून जास्त, टोक्योतल्या गिन्झासारख्या भागात परदेशी माल विकणाऱ्यांनी काचेच्या खिडक्या सजवल्या, लोक बघायला जमायला लागले आणि सण रुजला. आजही तिथे ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का.

केकची गोष्ट मला सगळ्यात आवडते. आपल्यासारखा सुकामेव्याचा प्लम केक नाही, तर मऊ स्पंज, पांढरं क्रीम आणि वर लालचुटुक स्ट्रॉबेरी. लाल-पांढरा हा जपानात शुभ रंगांचा जोड, त्यामुळे तो सणाला शोभतोच. युद्धानंतर साखर मिळायची मारामार होती, तेव्हा असा केक घरी येणं म्हणजे चैन, आणि पुढे घरोघरी फ्रिज आल्यावर आधीच्या बटरक्रीमची जागा ताज्या क्रीमने घेतली. स्ट्रॉबेरी खरं तर वसंतातलं फळ, पण आता डिसेंबरच्या मागणीसाठी ती ग्रीनहाऊसमध्ये पिकवतात.

चिकनचं खूळ त्यामानाने नवीन आहे, केएफसी म्हणजे केंटकी फ्राइड चिकन जपानात आली १९७० मध्ये आणि १९७४ ला तिने नाताळला केंटकी खा अशी देशभर जाहिरात केली, तेव्हापासून लोक कितीतरी आधी बकेट बुक करून ठेवतात!

ऐंशीच्या दशकात पैसा खुळखुळायला लागला तशी २४ तारखेची रात्र प्रेमी जोडप्यांची झाली, हॉटेलं फुल्ल, महागडी गिफ्टं. त्याच काळात पंचविशी उलटलेल्या बिनलग्नाच्या मुलीला 'ख्रिसमस केक' म्हणायचा घाणेरडा विनोदही चालायचा, २५ नंतर कोणी विचारत नाही म्हणून.

घरच्यांसोबतचा सण मात्र अजूनही नवीन वर्षाचाच. २५ ची रात्र उलटली की दुकानातलं ख्रिसमस ट्री गायब, आणि दारात बांबू आणि पाइनच्या फांद्यांचं कादोमात्सू उभं.