इग्नूची बालसंगोपन व शिक्षण पदविका: आधी काय तपासावे, अर्ज कसा भरावा

बारावी झाली, लहान मुलांना शिकवायचे आहे, तर कोर्स कोणता करावा? आधी काम कुठे करायचे ते ठरवा आणि मग कोर्स निवडा. हा क्रम उलटा झाला की दोन वर्षे आणि फी खर्चून मिळालेला कागद नेमका हव्या त्या जागेला चालत नाही.

सरकारी भरतीत नर्सरी शिक्षिकेचे पद हवे असेल तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता असलेली पदविका लागते. तिचे नाव डिप्लोमा इन प्रीस्कूल एज्युकेशन. मुदत दोन वर्षे, बारावीला किमान ५० टक्के गुण, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. ती घरबसल्या होत नाही. परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार वर्षाला किमान २०० दिवस, आठवड्याला ३६ तास काम चालते. तासांना ८० टक्के आणि शाळेतील अनुभवकार्याला ९० टक्के हजेरी लागते. ‘सहा महिन्यांत नर्सरी टीचर’ अशी पाटी दिसली तर संस्थेकडे एनसीटीईचा मान्यता आदेश मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत तिचे नाव शोधा. ट्रस्टची नोंदणी किंवा आयएसओ प्रमाणपत्र म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे.

अंगणवाडी सेविकेची वाट निराळी आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून या मानधनी पदासाठी किमान बारावी उत्तीर्ण, वय १८ ते ३५ (विधवांसाठी ४०) आणि स्थानिक रहिवास या अटी आहेत. त्यासाठी आधी कोणतीही पदविका घ्यावी लागत नाही, प्रशिक्षण निवडीनंतर मिळते.

स्वतःची बालवाडी किंवा पाळणाघर चालवायचे असेल, खासगी बालवाडीत काम करत शिकायचे असेल, तर इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची डीईसीई (बालसंगोपन व शिक्षण) पदविका उपयोगी पडते. बारावी उत्तीर्ण एवढीच अट, टक्केवारीची मर्यादा नाही. किमान मुदत एक वर्ष, एकूण ३२ श्रेयांक: बालसेवांचे संघटन, आहार व आरोग्य, मुलांसाठीच्या सेवा व कार्यक्रम हे तीन विषय आणि प्रकल्प, प्रत्येकी ८. एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास, त्यामुळे वर्षात पूर्ण करायचे तर रोज अडीच-तीन तास काढावे लागतात. मात्र ही पदविका वर सांगितलेल्या दोन वर्षांच्या पदविकेच्या जागी चालेल असे धरून अर्ज करू नका.

प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतो. पहिली पायरी इग्नूच्या फॉर्मची नाही. आधी डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधून एबीसी क्रमांक (श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा), मग यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पोर्टलवर डीईबी आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) आणि तो हाती आल्यावरच इग्नूचा ऑनलाइन अर्ज. बहुतेकींची गाडी इथेच अडते आणि कारण जवळजवळ नेहमी नावाचेच असते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि माहेरचे, आधारवर सासरचे. एबीसी क्रमांक आधारवरचे नाव उचलतो. म्हणून अर्जाला बसण्यापूर्वी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल जवळ हवा. आधार दुरुस्तीला दिवस लागतात, शेवटच्या तारखेच्या आठवड्यात हे काम काढू नका.

स्कॅन करून ठेवायचे कागद: फोटो, सही, जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, लागू असल्यास जातीचे आणि दारिद्र्यरेषेखालील प्रमाणपत्र. फोटो व सही प्रत्येकी १०० केबीच्या आत, बाकीचे कागद २०० केबीच्या आत. मोबाइलवर काढलेला फोटो सहज दोन-तीन एमबीचा असतो, तो पोर्टल घेत नाही. मात्र आकार इतकाही घटवू नका की गुण वाचता येणार नाहीत. ओबीसी उमेदवारांनी हे लक्षात ठेवावे: इग्नू केंद्रीय विद्यापीठ आहे, त्यामुळे केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो, राज्याचा पुरत नाही. तो तहसील कार्यालयातून वेगळा मागावा लागतो.

अर्जात प्रादेशिक केंद्र (महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, गोव्यासाठी पणजी), अभ्यास केंद्र आणि माध्यम निवडायचे असते. अभ्यास केंद्र घरापासून एसटीने जाता येईल असेच घ्या. माध्यम निवडताना पुस्तके कोणत्या भाषेत वाचणार आणि उत्तरे कोणत्या भाषेत लिहिणार याचा विचार करा. हिंदीत नीट लिहिता येत असेल तर उगाच इंग्रजीचा हट्ट नको. फी भरल्यावर पावती डाउनलोड करून घ्या आणि अर्जाची स्थिती अधूनमधून पाहत राहा. कागदात त्रुटी निघाली तर ती तिथेच दिसते आणि दुरुस्त कागद पुन्हा चढवावा लागतो.

प्रवेश मिळाला म्हणजे परीक्षेला बसता येते असे नाही. स्वाध्याय (घरी सोडवून द्यायचे प्रश्न) आपल्याच सत्राचे डाउनलोड करायचे, लिहून मुदतीत जमा करायचे आणि जून किंवा डिसेंबरच्या सत्रान्त परीक्षेचा फॉर्म वेगळा भरून त्याची फी वेगळी भरायची. ‘प्रवेशाची फी भरली आहे ना’ म्हणून हा फॉर्म राहून जातो आणि सहा महिने हातचे जातात.

प्रकल्पासाठी प्रत्यक्ष मुलांसोबत काम करावे लागते. त्यामुळे प्रवेश निश्चित होताच जवळच्या बालवाडीच्या चालकांशी किंवा अंगणवाडीसाठी पर्यवेक्षिकेशी बोलून लेखी परवानगी घेऊन ठेवा. मे महिन्यात आणि दिवाळीत बालवाड्यांना सुट्टी असते, हे दिवस वगळूनच वेळापत्रक आखा.