निफाडची थंडी, पांढरी बोटं आणि न सांगितलेली तक्रार

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पाऱ्याचा आकडा पेपरात झळकला की नाशिककर स्वेटर काढतात आणि निफाड-पिंपळगावचे बागायतदार द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. गेल्या डिसेंबरात अशाच एका बागेत सकाळी सातला मी उभा होतो. बाग माझ्या जुन्या विद्यार्थ्याची, त्याचं वय 38. घडांची विरळणी चालली होती. त्यानं कात्री खाली ठेवली आणि हात माझ्यापुढे धरला. मधली तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत खडूसारखी पांढरीफटक, आणि पांढरं संपतं तिथं रेघ मारल्यासारखी सीमा. चहाचा पेला हातात धरल्यावर ती आधी निळसर पडली, मग लालबुंद होऊन ठणकायला लागली.

याला रेनॉड म्हणतात. फ्रान्समधल्या मॉरिस रेनॉड या डॉक्टरांनी 1862 मध्ये याचं वर्णन केलं. थंडी लागली की बोटांच्या बारीक धमन्या आवळून बंद होतात. पुष्कळांना, विशेषतः तरुण मुलींना, हा त्रास नुसताच असतो आणि त्यातून पुढे काही होत नाही. पण याच्या बोटांची कातडी चिमटीत येत नव्हती, ताणून बसवल्यासारखी झाली होती. डॉक्टरांनी स्क्लेरोडर्मा असं निदान केलेलं होतं. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते, अशा ‘स्वप्रतिकार’ आजारांपैकी हा एक.

गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा तो खाली बघत म्हणाला, ‘‘सर, अजून एक आहे. वर्ष झालं, बायकोजवळ जमत नाही. डॉक्टरांना कसं सांगायचं?’’

त्याला ही दोन वेगळी दुखणी वाटत होती. बोटांत जे बिघडलंय तेच तिथंही बिघडलंय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हा लेख.

आपल्याकडे या तक्रारीला ‘ताकद गेली’ म्हणतात, आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. लिंगात स्पंजासारख्या दोन नळकांड्या असतात. एरवी त्यांच्यातले आणि त्यांच्या धमन्यांतले स्नायू आवळलेले असतात, म्हणून रक्त आत फार येत नाही. ताठरता येते ती हे स्नायू सैल पडल्यावर. रक्त भरतं, स्पंज फुगतो, बाहेरच्या चिवट आवरणावर दाबल्या गेलेल्या शिरा मिटतात आणि रक्त आत अडकून राहतं. आता प्रश्न असा, की स्नायूंना सैल पडायला सांगतं कोण?

याचं उत्तर ज्या प्रयोगातून मिळालं तो मला फार प्रिय आहे. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. अॅसिटिलकोलिन हे द्रव्य कधी पट्टी सैल करायचं, कधी आवळायचं. घोळ पट्टी कापण्याच्या पद्धतीत निघाला. कापताना आतली बाजू घासली गेली, की तिच्यावरचं एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, निघून जायचं आणि मग पट्टी सैल पडायची नाही. मग त्यांनी अस्तर नसलेल्या पट्टीला अस्तर असलेली पट्टी चिकटवली, आतली बाजू आतल्या बाजूला लावून. आता अस्तर नसलेली पट्टीही सैल पडली! म्हणजे अस्तरातून काहीतरी निघतं आणि शेजारच्या स्नायूला निरोप देतं. हे 1980 मध्ये प्रसिद्ध झालं. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, गाडीच्या धुरात असतो तोच वायू, हे पक्कं व्हायला आणखी काही वर्षं गेली. फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फरीद मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं.

आता जरा रसायनशास्त्र. अस्तरातलं एक एन्झाइम आर्जिनिन या अमिनो आम्लातून हा वायू बनवतं. लिंगात मज्जातंतूंची टोकंही तो सोडतात. सुरुवात ते करतात आणि ताठरता टिकवायचं काम बरंचसं अस्तर करतं. वायू स्नायूपेशीत शिरतो, तिथं सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू वाढतो, पेशीतलं कॅल्शियम उतरतं आणि स्नायू सैलावतो. पीडीई-5 हे दुसरं एन्झाइम तो रेणू मोडून टाकतं. सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्राची, गोळी या मोडणाऱ्यालाच अडवते. मुळात निरोपच आला नसेल, तर अडवायलाही फारसं काही उरत नाही.

स्वप्रतिकार आजारांत घाव बसतो तो नेमका या अस्तरावर. आमवात, ल्युपस, सोरायसिस, मणक्याचा स्पॉन्डिलायटिस, सगळ्यांत रक्तात दाहाची द्रव्यं फिरत असतात. त्यातलं टीएनएफ हे द्रव्य वायू बनवणाऱ्या एन्झाइमचं उत्पादनच घटवतं. शिवाय दाहात सुपरऑक्साइड तयार होतो, तो उरलासुरला नायट्रिक ऑक्साइड पकडतो आणि त्यातून पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी त्रासदायक द्रव्य बनतं. स्क्लेरोडर्मात तर धमनीची भिंत आतून जाड होते आणि स्पंजाच्या जागी चिवट तंतू भरतात. या आजाराच्या पुरुषांत ही तक्रार इतकी सर्रास आढळते, की डॉक्टरांनी स्वतःहून विचारायला हवं. गरजेपुरत्या घेतलेल्या गोळीचा इथं बहुधा उपयोग होत नाही. म्हणून काही डॉक्टर त्याच जातीचं, पण दीर्घकाळ टिकणारं टाडालाफिल रोज देतात.

आमच्या बागायतदाराला हे सगळं मी ठिबकवरून सांगितलं. पाण्यात क्षार असले की मेन लाइन चोंदत नाही, आधी ड्रीपर चोंदतो. लिंगाच्या धमन्या साधारण 1 ते 2 मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या 3 ते 4. बिघाड साऱ्या शरीरभर असला, तरी तो आधी बारीक नळीत जाणवतो, अशी एक मांडणी हृदयरोगतज्ज्ञ करतात. छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी ही तक्रार सुरू झालेले पुरुष पुष्कळ आहेत. आमवातात हृदयविकाराचा धोका एरवीच्या सुमारे दीडपट असतो, म्हणून ही तक्रार दडवणं महागात पडू शकतं. पहाटेची ताठरताही नाहीशी झाली असेल, तर कारण नुसतं मनाचं असण्याची शक्यता कमी होते. अर्थात दुखणं, थकवा आणि उदासी यांचाही वाटा असतोच.

स्टँडबाहेरच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, हमखास इलाज’ रंगवलेलं असतं. वीर्याच्या एका थेंबाला रक्ताचे चाळीस थेंब लागतात, या समजुतीवर कित्येकांचं तारुण्य भीतीत जातं. तिला शरीरशास्त्रात कसलाही आधार नाही. ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकलेल्या पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात असली पुडी गेली, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. कारण नायट्रेटची गोळी नायट्रिक ऑक्साइडच देते आणि सिल्डेनाफिल त्याचा परिणाम ओसरू देत नाही. मेडिकलमधून मित्राच्या सांगण्यावरून आणलेल्या गोळीचंही तेच. आणि ‘संधिवाताच्या औषधांनीच हे झालं’ म्हणून मेथोट्रेक्सेट परस्पर बंद करू नका, दाह भडकतो. मूल हवं असेल तर मात्र आधी बोला: याच आजारांच्या औषधांपैकी सल्फासॅलझिनने शुक्रजंतू तात्पुरते घटतात, सायक्लोफॉस्फमाइडने कायमचेही घटू शकतात.

फेब्रुवारीत खुडा चालू असताना त्याचा फोन आला. बायकोला बरोबर घेऊन तो डॉक्टरांकडे गेला होता. डॉक्टरांनी नखाच्या कडेवर तेलाचा थेंब टाकून भिंगातून केशवाहिन्या पाहिल्या आणि त्याच्या बायकोलाही दाखवल्या. काही फुगलेल्या, काही जागी नुसतीच मोकळी जागा. मग रक्तदाब, साखर, हृदयाची सोनोग्राफी झाली आणि औषधं बदलली.

निकोटिनने धमन्या आवळतात हे मी त्याला बागेतच सांगितलं होतं, म्हणून विचारलं, ‘‘तंबाखूचं काय?’’

‘‘तीन आठवडे झाले, सर. डबी हिच्याकडे देऊन टाकली.’’